अनामिका रोहिणी आणि बालकांचे श्वासनालछेदन : एका प्राणघातक उपद्रवाचा इतिहास

प्रस्तुत निबंधाचा विषय मानवी देहातील एका अत्यंत अरुंद जागेशी निगडित आहे. पुढे उरोस्थीचा वरचा भाग, मागे श्वासनाल, आणि ह्या दोहोंमधील फटीतून उजव्या बाजूस तिरकी चढत जाणारी महारोहिणीच्या कमानीची पहिली व सर्वांत मोठी शाखा, अशी ही रचना आहे. जुन्या शारीरशास्त्रज्ञांनी ह्या शाखेला नाव दिले ते ‘अनामिका’, म्हणजे जिला नाव नाही ती. १९५५ साली पॅरिस येथे मान्य झालेल्या शारीरपरिभाषेने तिला भुज-शीर्ष स्कंध असा अन्वर्थक पर्याय दिला. परंतु शस्त्रवैद्यांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. ह्या लेखातही तेच योजिले आहे. बालकाच्या श्वासनालात घातलेल्या नळीने ही रोहिणी झिजली तर काय होते, आणि ते थोपविण्याची विद्या वैद्यकास केव्हा व कशी लाभली, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

श्वासनालछेदनाचा इतिहास लिहिताना प्राचीन काळापासून आरंभ करण्याची प्रथा आहे. पाश्चात्त्य ग्रंथांतून ऋग्वेदाचाही उल्लेख ह्या संदर्भात वारंवार येतो. ज्या ऋचेवर हा दावा उभा आहे ती आठव्या मंडलातील पहिल्या सूक्तात आहे. तीत ‘जत्रु’ हा शब्द आहे आणि जखम सांधणाऱ्या इंद्राची स्तुती आहे. श्वास चालावा म्हणून गळ्यास छिद्र पाडल्याचा तेथे निर्देश नाही. एकाने लिहिले आणि पुढच्याने उतरवून घेतले, अशा रीतीने हा प्रवाद पुष्ट झालेला दिसतो. आपल्या परंपरेच्या गौरवासाठी त्याची गरज नाही, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो सोडून द्यावा हे बरे.

ग्रीक-रोमन परंपरेचा पुरावा अधिक ठाम आहे. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील अस्क्लेपिआडीस ह्याने ही क्रिया सुचविल्याचे त्याच्या विरोधकांच्या लिखाणावरून कळते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील अँटिल्लस ह्याचे वर्णन सातव्या शतकातील ईजिनाच्या पॉलने जतन करून ठेवले आहे. त्यात तिसऱ्या वा चौथ्या कड्याच्या जागी आडवा छेद घेण्यास सांगितले आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्दोव्हा येथे अल्-झहरावी ह्याने स्वतःच्या हाताने गळा कापून घेतलेली एक दासी बरी झाल्याचे पाहिले आणि श्वासमार्गाची जखम भरून येते असा निष्कर्ष काढला. पुढे बाराव्या शतकात इब्न झुहर ह्याने शेळीवर प्रयोग करून तेच सिद्ध केले. ह्या सर्वांची भीती एकच होती : कूर्चेची जखम भरून येईल काय? मोठ्या रक्तवाहिनीचे भय त्यांच्या लिखाणात जवळजवळ नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. नळी दीर्घकाळ आत ठेवल्याशिवाय ते भय उत्पन्नच होत नाही.

बालकावरील पहिली सुस्पष्ट नोंद १६२० साली पॅरिसच्या निकोला आबिको ह्याने प्रसिद्ध केली. चौदा वर्षांच्या एका मुलाने चोरांच्या भीतीने सोन्याची नाणी कापडात गुंडाळून गिळली होती. ती अन्ननलिकेत अडकली व त्यांच्या दाबाने श्वासनाल मिटू लागला. आबिकोने श्वासनाल उघडून मुलास वाचविले आणि नाणी खाली सरकवून गुदमार्गे बाहेर येऊ दिली. प्रसंग विलक्षण असला तरी तो अपवादात्मक होता. बालकांसाठी ह्या क्रियेस नित्याचे स्थान मिळाले ते घटसर्पामुळे.

१८०७ साली नेपोलियनचा लहानगा पुतण्या घशाच्या अशाच विकाराने दगावला आणि बादशहाने ह्या रोगावरील उत्कृष्ट प्रबंधास १२,००० फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले. प्रबंध आले, पारितोषिक जिनीव्हाच्या झ्यूरीन व ब्रेमेनच्या आल्बर्स ह्यांना विभागून मिळाले. मुले मात्र पूर्वीप्रमाणेच मरत राहिली. खरा पालट तूर येथील प्येर ब्रेतोनो ह्याने घडविला. १८२५ च्या जुलै महिन्यात त्याने सुमारे पाच वर्षांच्या एका मुलीचा श्वासनाल उघडला आणि ती वाचली. पुढच्याच वर्षी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व रोगास त्याने दिलेले नाव रूढ झाले. त्याचा शिष्य आर्मां त्रूसो ह्याने ही क्रिया पॅरिसच्या रुग्णालयांत नेली. सुमारे दोनशे बालकांवर ती करून त्यांपैकी जवळजवळ चतुर्थांश वाचल्याचे त्याने सांगितले. आज हा आकडा दारुण वाटेल. परंतु ज्या मुलांचा श्वास कोंडत आला होता त्यांपैकी हे चतुर्थांश होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

त्रूसोच्या काळी रक्तस्राव म्हणजे छेद घेतानाचा रक्तस्राव. बालकाची मान आखूड, मेदाने भरलेली. श्वास कोंडल्याने गळ्याच्या नीला टरटरून फुगलेल्या. अवटू ग्रंथीचा सेतू वाटेत आडवा. हे रक्त श्वासनालात उतरले तर मूल बुडून मरे. ह्या आरंभीच्या रक्तस्रावावर तोडगे लवकर निघाले, कारण तो शस्त्रवैद्याच्या डोळ्यांसमोर होत असे. मध्यरेषा न सोडणे, सेतू बाजूस सारणे किंवा बांधून कापणे, नीला दिसतील तशा बांधणे, हे नियम एकोणिसाव्या शतकात ठरून गेले आणि आजही ते तसेच आहेत. त्यांवर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाची गोष्ट निराळी. शस्त्रवैद्य घरी गेलेला असे. परिचारिका रात्री मुलाजवळ बसलेली असे. नळीतून थोडे रक्त येई, थांबे, आणि मग एकाएकी लोट येऊन काही मिनिटांत सारे आटोपे. अशा मृत्यूचा दोष रोगाच्या पदरी टाकणे सोपे होते, कारण घटसर्पाने श्वासनालाच्या अंतस्त्वचेवर व्रण होतात हे सर्वांस ठाऊक होते. १८५९ साली पॅरिसच्या आंरी रोझे ह्याने नळीच्या वास्तव्यानेच श्वासनालात होणाऱ्या व्रणांचे वर्णन केले, हे पाऊल म्हणून फार महत्त्वाचे मानले पाहिजे. रोगाने केलेला व्रण आणि उपचाराने केलेला व्रण ह्यांत त्याने भेद केला. नळी तिच्या पट्टीत घट्ट न बसविता थोडी हलती ठेवावी, म्हणजे गिळताना व खोकताना तिचे टोक भिंतीस घासणार नाही, ही कल्पनाही त्याच विचारातून आली. उपकरणनिर्माता ल्युअर ह्याने तशी नळी घडविली.

१८७९ साली जर्मन शस्त्रवैद्य व्हेर्नर क्योर्टे ह्याने घटसर्पासाठी केलेल्या श्वासनालछेदनानंतरच्या विरळ उपद्रवांवर निबंध लिहिला. त्यात पाच वर्षांच्या एका मुलाच्या श्वासनालातून अनामिका रोहिणीत पडलेल्या छिद्राची नोंद आहे. ह्या उपद्रवाचे हे पहिले वर्णन समजले जाते. तो प्रथम वर्णिला गेला तो बालकात, ही गोष्ट पुढील प्रौढांवरील विपुल वाङ्मयात हरवून गेली आहे. म्हणून ती येथे आग्रहाने नमूद करतो.

बालकातच तो प्रथम का दिसावा, ह्याचे उत्तर शारीररचनेत आहे. प्रौढात अनामिका रोहिणी श्वासनालास साधारणतः नवव्या कड्याच्या पातळीवर ओलांडते, जरी सहाव्यापासून तेराव्यापर्यंत फरक आढळतो. बालकात ती तुलनेने वर असते. शिवाय श्वासनालछेदनासाठी मुलाच्या खांद्यांखाली उशी घालून मान मागे ताणली की छातीतील अवयव गळ्यात वर ओढले जातात. अशा स्थितीत जे तिसरे कडे वाटते ते मान सरळ होताच खाली उतरते आणि त्याबरोबर नळीही रोहिणीच्या शेजारास जाते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन परंपरेत सेतूच्या वरचे छेदन ‘ऊर्ध्व’ आणि खालचे ते ‘अधः’ असे दोन पक्ष होते. अधः पक्षाचा मोह समजण्यासारखा आहे, कारण स्वरयंत्रापासून दूर राहता येते. त्याची किंमत मात्र वेगळ्या ठिकाणी मोजावी लागे.

ह्यानंतर हा प्रश्न काही काळ मंदावला. न्यूयॉर्कच्या जोसेफ ओड्वायर ह्याने १८८५ मध्ये तोंडावाटे स्वरयंत्रात नळी बसविण्याची पद्धती प्रसिद्ध केली. १८९० साली बेरिंग व कितासातो ह्यांनी प्रतिविषाचे तत्त्व मांडले आणि १८९४ साली एमिल रू ह्याने बुडापेस्ट येथे बालकांवरील त्याचे परिणाम सादर केले. घटसर्पासाठी गळा उघडण्याचे प्रसंग त्यानंतर घटत गेले. तरीही ते संपले नव्हते, ह्याचा पुरावा म्हणजे १९२४ साली श्लेपफर ह्याने स्वरयंत्राच्या घटसर्पातील छेदनानंतरच्या प्राणघातक रक्तस्रावांचा केलेला आढावा.

मधल्या काळात अमेरिकेच्या शेव्हालिअर जॅक्सन ह्याने श्वासनालछेदनाचे तंत्र नव्याने घडविले. १९०९ च्या लेखात त्याने क्रियेचे नियम घालून दिले आणि १९२१ साली असे दाखवून दिले की स्वरयंत्राच्या कायमच्या आकुंचनाचे मुख्य कारण अति वरच्या बाजूस केलेले छेदन होय. ह्या शिकवणीने असंख्य मुलांचे स्वरयंत्र वाचले. परंतु प्रस्तुत लेखकास असे वाटते की वरच्या चुकीवर इतका प्रकाश पडला की खालच्या चुकीकडे दीर्घकाळ पुरेसे लक्ष गेले नाही. ‘वर नको’ ह्या आज्ञेस ‘किती खाली नको’ ही जोड मिळावयास अर्धे शतक लागले. दुसऱ्या व तिसऱ्या कड्याचा आजचा नियम ह्या दोन भयांमधील तडजोड आहे.

आता दुसऱ्या एका इतिहासाकडे वळले पाहिजे. तो ह्याच रोहिणीचा आहे, पण त्याचा बालकांशी वा श्वासनालाशी काही संबंध नव्हता. १८१८ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे व्हॅलेंटाइन मॉट ह्याने बाहूच्या मूळ रोहिणीवरील विस्फारासाठी अनामिका रोहिणी जिवंत माणसात प्रथमच बांधली. रुग्ण २६ दिवस जगला. तो मेला तो मेंदूचे रक्त तुटल्याने नव्हे, तर जखमेत पू होऊन झालेल्या रक्तस्रावाने. त्यानंतर अनेकांनी प्रयत्न केले व सर्व अपयशी झाले. १८६४ साली न्यू ऑर्लिन्स येथे अँड्र्यू स्मिथ ह्याने अनामिका व मन्या रोहिणी दोन्ही बांधल्या, आणि पुन्हा रक्तस्राव होऊ लागला तेव्हा सुमारे आठ आठवड्यांनी पाठीच्या कण्यालगतची रोहिणीही बांधली. हा रुग्ण दहा वर्षे जगला. मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणीवलयातून दुसऱ्या बाजूचे रक्त उजव्या अर्धाला पुरते, हा ह्या दोन प्रकरणांचा बोध होता. जखमेतील संसर्ग हाच खरा शत्रू, हा दुसरा.

म्हणजे क्योर्टेने १८७९ साली आपला निबंध लिहिला तेव्हा अनामिका रोहिणी बांधली असता माणूस जगू शकतो हे पंधरा वर्षांपूर्वीच सिद्ध झालेले होते. हे दोन ज्ञानप्रवाह शतकभर एकमेकांस मिळाले नाहीत. ह्याचे खापर कोणाच्या अज्ञानावर फोडणे अन्यायाचे होईल. रक्ताचा लोट सुटल्यापासून मृत्यूपर्यंतचा अवधी मिनिटांचा. छाती उघडण्याचे धैर्य व भूल नाही. रक्त देण्याची सोय नाही. बालकाच्या शरीरात रक्त दर किलोग्रॅम वजनास सुमारे ८० मिलिलीटर असते. दहा किलोग्रॅमच्या मुलात ते ८०० मिलिलीटर झाले, आणि त्यातील २०० मिलिलीटर, म्हणजे एक पेलाभर, गेले की ते चौथा हिस्सा गमावून बसते. त्यातही जे रक्त बाहेर येत नाही ते फुप्फुसात उतरते. मूल रक्तक्षयाने मरते की गुदमरून, हा प्रश्नच अशा वेळी निरर्थक ठरतो. वैद्यास दोन्ही गोष्टी एकाच क्षणी कराव्या लागतात : श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि रोहिणी दाबून धरणे.

हे दोन प्रवाह एकत्र आणण्याची निकड विसाव्या शतकाच्या मध्यास उत्पन्न झाली, आणि तिला निमित्त ठरला पोलिओ. १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनच्या ब्लेग्डॅम रुग्णालयात ब्यर्न इब्सेन ह्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनालात फुग्याची नळी बसवून हाताने पिशवी दाबून श्वास चालविला. पुढील महिन्यांत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी आळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबल्या. अतिदक्षता विभागाचा जन्म येथे झाला असे म्हणतात, आणि ते यथार्थ आहे. परंतु नळी आता दिवसांऐवजी आठवडे व महिने आत राहू लागली. तिच्या भोवतीचा रबरी फुगा कमी आकारमानाचा व अधिक दाबाचा असे, आणि तो अंतस्त्वचेचे रक्ताभिसरण बंद पाडी. व्हिक्टर नेगस ह्याने १९३८ साली रूढ केलेली ‘ट्रॅकिऑस्टमी’ ही संज्ञा ह्या नव्या परिस्थितीस अधिक साजेशी होती, कारण ह्यात छेदापेक्षा द्वाराचा अर्थ आहे.

ह्या काळातील निबंधांची नुसती शीर्षके वाचली तरी बदल दिसतो. १९२४ च्या श्लेपफरच्या निबंधात ‘प्राणघातक’ हा शब्द आहे. १९६५ साली सायलेन व स्पीकर ह्यांनी लिहिले तेव्हाही शीर्षकात तोच शब्द आहे. १९७२ साली अटली व त्याचे सहकारी मात्र ‘निश्चित नियंत्रणा’विषयी लिहितात, आणि १९७६ साली जोन्स व सहकारी ‘यशस्वी शस्त्रक्रिये’विषयी. ही दहा-बारा वर्षे ह्या उपद्रवाच्या इतिहासातील संक्रमणकाळ होत.

अटलीच्या युक्तीचे स्वरूप इतके साधे आहे की तिला शतक का लागले ह्याचे नवल वाटावे. द्वारातून बोट श्वासनालाच्या पुढील बाजूने, उरोस्थीच्या मागे, खाली सरकवावयाचे आणि रोहिणी पुढे ओढून हाडावर दाबून धरावयाची. बोट तसेच ठेवून रुग्णास शस्त्रक्रियागृहात न्यावयाचे. त्यापूर्वीचा उपाय म्हणजे नळीचा फुगा अधिक फुगवून आतून दाब देणे. बहुतेक प्रौढांत एवढ्याने रक्त तात्पुरते थांबते. मग उरोस्थी मध्यभागी उभी कापून रोहिणी छिद्राच्या दोन्ही बाजूंस बांधावयाची व मधला भाग काढावयाचा. छिद्र टाक्यांनी शिवण्याचा वा कृत्रिम नळी जोडण्याचा मोह टाळावा, कारण दूषित जखमेत शिवण टिकत नाही. १८१८ साली मॉटचा रुग्ण ह्याच कारणाने गेला होता. रोहिणी बांधल्यावर मेंदूस कायमची इजा होणे क्वचितच घडते, आणि येथे स्मिथच्या रुग्णाचा दाखला शेवटी उपयोगी पडला.

बालकांच्या बाबतीत ही योजना जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि प्रौढांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांतून नेमका हाच मुद्दा निसटतो. लहान मुलांच्या नळीस बहुधा फुगा नसतो. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील एबर्डीन ह्याने १९६५ च्या सुमारास अर्भकांच्या श्वासनालद्वाराची जी पद्धती मांडली तीत धातूऐवजी मऊ प्लॅस्टिकची, फुग्याविरहित नळी होती. अंतस्त्वचेच्या दृष्टीने ती फार मोठी सुधारणा होती. परंतु रक्तस्रावाच्या क्षणी फुगविण्यास फुगाच नाही अशी स्थिती तिने निर्माण केली. म्हणून मुलात पहिले काम असते ते फुग्याची नळी मुखावाटे वा द्वारातून आत घालून तिचा फुगा छिद्रापाशी वा त्याच्या खाली बसविण्याचे. द्वारही इतके लहान असते की मोठ्यांची तर्जनी आत जात नाही. करंगळी, आणि तीही द्वार थोडे वाढवून. नवजात अर्भकाच्या श्वासनालाची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर असते, हे आठवले म्हणजे अडचण ध्यानात येईल.

सूचक रक्तस्रावाचा विचार ह्याहून महत्त्वाचा आहे. मोठ्या लोटापूर्वी काही तास वा दिवस थोडे रक्त येऊन थांबते, असे सुमारे निम्म्या रुग्णांत आढळते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत धोका सर्वाधिक असतो. ४८ तासांनंतरचे नळीतील ताजे रक्त मोठ्या रोहिणीचे नाही हे सिद्ध होईपर्यंत तिचेच समजावे, हा आजचा नियम आहे. वस्तुतः बालकांत असे रक्त पुष्कळदा शोषणनलिकेच्या ओरखड्याने वा मांसांकुरांमुळे येते आणि निरुपद्रवी असते. ह्यातच सारी विवंचना आहे. दर वेळी मुलास शस्त्रक्रियागृहात नेले तर तो त्रास व्यर्थ जातो. एकदा नेले नाही तर दुसरी संधी मिळत नाही. तपासणीसाठी दुर्बीण घालताना गुठळी निघून लोट सुटण्याचे भय असते, म्हणून ती तपासणी छाती उघडण्याची सिद्धता करूनच करावी, असे जाणकार सांगतात. रोहिणीच्या आतून जाळीची नळी बसविण्याचा मार्ग अलीकडे उपलब्ध झाला आहे. वाढत्या मुलात व दूषित जागी तो बहुधा तात्पुरता आधारच मानला जातो.

१९६९ पासून कूपर व ग्रिलो ह्यांच्या कार्यामुळे मोठ्या आकारमानाचे व कमी दाबाचे फुगे प्रचारात आले, आणि उपद्रवाचे प्रमाण प्रौढांत शेकडा एकाहून कमी झाले. बालकांत मात्र रुग्णच बदलले आहेत. लसीकरणाने घटसर्प व स्वरयंत्राच्या झाकणाचा जंतुजन्य दाह मागे पडले. अर्थात भारतात घटसर्प पूर्णपणे गेलेला नाही आणि जगातील नोंदींत आपला वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे. परंतु आज ज्या मुलांच्या गळ्यात नळी असते त्यांत मज्जासंस्थेच्या गंभीर विकारांची, वर्षानुवर्षे कृत्रिम श्वासावर जगणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांचा कणा वाकडा होतो, मान मागे ताठते, छाती पुढून चपटी होते, आणि उरोस्थी व श्वासनाल ह्यांमधील ती मूळची अरुंद जागा आणखी आवळते. नळी निर्दोष, छेद योग्य कड्यावर, फुगा नाही, तरी रोहिणी झिजते, आणि तीही आठवड्यांनी नव्हे तर वर्षांनी.

ह्या मुलांसाठी जपानी शस्त्रवैद्यांनी एक धीट मार्ग अवलंबिला आहे. प्रतिमाचित्रणात रोहिणी श्वासनालास दाबत आहे असे दिसले, वा दुर्बिणीतून पुढच्या भिंतीचे स्पंदन व व्रण आढळले, तर रक्तस्राव होण्यापूर्वीच ती बांधून तोडावयाची. त्याआधी मेंदूच्या तळचे रोहिणीवलय अखंड आहे की नाही हे चित्रणाने पाहून घेतात. मॉट व स्मिथ ह्यांना हे रुग्ण जगल्यावर वा मेल्यावर कळत असे.